गाळावर टेकलेलं घर

"मी सांगतेय ना, त्याला हात लावायचा नाही!" नेल्डानं कालथा ओट्यावर आपटला. "एकदा तरी एका जागी पडू दे त्याला. जिवंतपणी कधी स्वस्थ बसला नाही, निदान आता तरी."

"आणि तसाच उघड्यावर ठेवू?" मर्ल दारातच उभा होता, छातीपर्यंतची रबरी विजार घालून, कामावर निघण्याच्या बेतात. "काल त्या पोरांनी मोटरसायकली त्याच्याभोवती गोल गोल फिरवल्या. तू बघितलंस. याच खिडकीतून बघितलंस."

"बघितलं."

"मग?"

नेल्डानं तव्याकडे तोंड फिरवलं. फोडलेली अंडी तव्याच्या डाव्या कडेला जाऊन एकमेकांत मिसळली होती. परवापासून या घरात सगळंच डावीकडे जात होतं. तेल, पाणी, खाली पडलेला वाटाणा, सगळं.

"माझी कॉफी बशीत उतरली," टेबलाशी बसलेल्या आर्डिस म्हणाल्या. मर्लची आई. वय पंच्याऐंशीच्या पुढं, पाय गेलेले, जीभ शाबूत. त्यांचा चाकांचा वॉकर टेबलाच्या पायाला दोरीनं बांधून ठेवला होता, नाहीतर तोही डावीकडे निघून जायचा. "भांडायचं तर खुशाल भांडा. पण आधी घर सरळ करा आणि मग भांडा."

"तेच करायला चाललोय, आई."

"घर सरळ करायला नाही चाललास तू," नेल्डा म्हणाली. "तू पोराला ओढायला चाललायस. पुन्हा."

"आधी तो, मग घर. नेहमी तसंच केलंय."

"म्हणून आज पण?"

"म्हणून आज पण," मर्ल म्हणाला आणि गेला. दार त्यानं लावलं, पण चौकट वाकडी झाल्यामुळे ते आपोआप पुन्हा उघडलं आणि भिंतीवर आपटत राहिलं.

घर पाण्यावरचं होतं. लोखंडी पिंपांवर ठोकलेल्या फळ्या, त्यावर दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि चारी बाजूंनी कठड्याचा अरुंद सज्जा. सँडोव्हलच्या तळ्यात ते गेली कित्येक वर्षं तरंगत होतं. परवा धरणाचे दरवाजे उघडून खालच्या शहरांना पाणी सोडलं, आणि सकाळी उठून बघतात तर किनाऱ्याकडची पिंपं गाळावर टेकलेली. आणखी दोन-चार बोटं पाणी उतरलं की मधली पिंपंही टेकणार होती. मग ते घर कुठल्याही बोटीनं ओढून निघालं नसतं. पाणी पुन्हा चढेपर्यंत थांबावं लागलं असतं, आणि ते चढेल असं म्हणणारं आता कुणी उरलं नव्हतं. जिच्या हाउसबोटी भाड्यानं जायच्या त्या कंपनीनं वसंतातच आपल्या बोटी ट्रकवर चढवून नेल्या. पार्क खात्यानं बोटी पाण्यात सोडायचा उतरता धक्का साखळी लावून बंद केला. राहिलं होतं ते मर्लचा बोटींना पेट्रोल भरायचा तरंगता फलाट, नेल्डाचं दुकान, आणि हे घर. आणि डॅरिन.

डॅरिन किनाऱ्याकडे होता. घरापासून हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या अंतरावर, भेगाळलेल्या गाळात बसलेला सिमेंटचा एक चौकोनी ठोकळा. त्याच्या माथ्यावर लोखंडी कडी, आणि कडीशेजारी छोट्या बोटीचा पितळी पंखा, निम्मा सिमेंटमध्ये रुतवलेला. घराला धरून ठेवणारा दोर त्या कडीला होता. आता तो दोर सैल होऊन गाळावर सापासारखा पडला होता.

नेल्डा एकोणीस वर्षांची असताना या तळ्यावर आली. ती ज्या गावात वाढली तिथं आंघोळीचं पाणी घेवड्याच्या वाफ्याला जायचं आणि नळ टिपकला तरी बाप उठून बघायचा. एका उन्हाळ्यापुरती दुकानात सँडविच विकायची नोकरी मिळाली म्हणून ती बसमध्ये बसली. शेवटच्या वळणावर लाल खडकांच्या मध्ये ते निळं पसरलेलं दिसलं तेव्हा तिला पहिल्यांदा काय वाटलं असेल तर राग. एवढं पाणी, आणि लोक त्याच्यावर नुसते घसरत होते. दोरीला धरून, फळ्यांवर उभे राहून, ओरडत. पुढं पेट्रोल भरणारा काळपट पोरगा, मर्ल, तिला चुकीचं सुटं नाणं देऊन पुन्हा पुन्हा दुकानात यायला लागला आणि तिचा राग गेला. लग्न धक्क्यावरच झालं. पाद्री बोटीतून उतरताना घसरला, त्याचा एक पाय ओला झाला, आणि आर्डिस सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "चला, बाप्तिस्मा पण झाला."

तिचं आयुष्य इतरांच्या सुट्ट्या सांभाळण्यात गेलं. मे अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत माणसांचा पूर यायचा. हाउसबोटीच्या संडासात काय टाकायचं नाही ते ती दिवसातून इतक्यांदा सांगायची की झोपेतही सांगे. जिवंत अळ्या, बर्फ, उन्हाचं मलम, बुडालेले चष्मे, हरवलेल्या कवळ्या. "सुट्टीवर येणारा माणूस डोकं घरी ठेवून येतो," आर्डिस म्हणायच्या, "कवळी बिचारी चुकून बरोबर येते." पण तीच माणसं वर्षानुवर्षं येत, आपली पोरं दाखवत, मग पोरांची पोरं दाखवत, आणि नेल्डाला तिच्या नावानं हाक मारत. ती त्यांची कुणीच नव्हती, आणि तरी त्यांच्या प्रत्येक उन्हाळ्याच्या फोटोत एका कोपऱ्यात होती.

तिची स्वतःची दोन्ही पोरं पाण्यावरच वाढली. रांगायला लागली तेव्हा इथल्या रीतीप्रमाणे कमरेला दोरी, दोरीचं दुसरं टोक कठड्याला. ट्रीना दोरीत शहाण्यासारखी बसायची. डॅरिन दोरी संपेपर्यंत धावायचा, आपटायचा, उठून पुन्हा धावायचा. पोहायला लागला त्या दिवशी मर्लनं ती दोरी चाकूनं कापली आणि पोराच्या हातात दिली. पुढं सारा दिवस तो पाण्यात. त्याला रस्ता आवडायचा नाही. गावात शाळेला जायचं म्हणजे त्याच्या पोटात दुखायचं.

रस्त्यानंच तो गेला. चार जुलैच्या राष्ट्रीय सुट्टीची गर्दी होती, बर्फाचं यंत्र बंद पडलं होतं, सुट्टीवाल्यांना बर्फ हवा होता. वीस वर्षांचा डॅरिन ट्रक घेऊन ब्रिस्टो गावाला बर्फ आणायला गेला आणि येताना वळणावर ट्रक उलटला. लोक म्हणत, बर्फ बराच वेळ रस्त्यावर पडून होता, भर उन्हात.

गावची दफनभूमी त्याच रस्त्याच्या कडेला. नेल्डा तिथवर गेली, कुंपणापाशी उभी राहिली, एकामागून एक बोटी ओढत जाणाऱ्या गाड्या बघितल्या, आणि मर्लला म्हणाली, "इथं नाही. जिच्याजवळून एक चाक जाणार नाही अशा जागी ठेवायचं त्याला."

अशी जागा एकच होती. त्या साली तळं काठोकाठ होतं. मर्लनं घराच्या नांगरासाठी लाकडी साच्यात सिमेंट ओतलं तसंच ओतलं, आणि अर्धं ओतून झाल्यावर फौजी बनावटीचा काडतुसांचा पत्र्याचा डबा त्यात ठेवला. डब्यात डॅरिनची राख. वरून उरलेलं सिमेंट. पंखा बसवला तो नेल्डानं, डॅरिनच्या छोट्या बोटीचा. ठोकळा पाण्यात सोडला तेव्हा बुडबुडे बराच वेळ येत राहिले. मर्लनं घराचा दोर कडीला अडकवला आणि म्हणाला, "आता हाच घर धरून ठेवील." नेल्डाला ते आवडलं होतं. वारा सुटला, घर दोराला ताण देऊन पुन्हा जागेवर आलं, की तिला अंथरुणात बरं वाटायचं.

तळ कधी तळ राहणार नाही, हे त्यांच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही. तळ्यावरच्या माणसांच्या ते डोक्यात येत नाही.

मग पाणी उतरायला लागलं. आधी लोक म्हणाले, यंदा बर्फ कमी पडला. मग म्हणाले, पुढच्या साली भरेल. खडकांवरचा पांढरा पट्टा एवढासा होता तो माणसाएवढा झाला, झाडाएवढा झाला, मग चर्चच्या मनोऱ्याएवढा. दर काही महिन्यांनी सगळं गबाळ आत ओढायचं, पाण्याच्या मागं. फलाट, दुकान, घर. आणि घर हलायच्या आधी डॅरिन हलायचा. मर्लनं तो नियमच करून टाकला होता. पहिल्यांदा नेल्डानं फुलं टाकली. दुसऱ्यांदा ती नुसती उभी राहिली. नंतर नंतर ठोकळा पाण्याबाहेर येऊन दोराला लटकताना दिसला की ती आत येऊन नळ सोडायची, आवाज ऐकू नये म्हणून.

"अंडी करपली," आर्डिस म्हणाल्या.

नेल्डानं तवा उतरवला. "आई, तुम्ही तरी सांगा त्याला."

"मी काय सांगू? लहानपणी पण असाच. एकदा पाय रोवला की गाढव बरं." त्यांनी बशीतली कॉफी कपात परत ओतली. "तुला काय हवंय ते तरी माहीत आहे का तुला, नेल्डा? तिथं पोरं गाड्या फिरवतात ते बघवत नाही, आणि हलवूही नको म्हणतेस. पोराला काय हवेत ठेवायचंय?"

नेल्डा करपलेली अंडी खरवडायला लागली.

खाली लीलंड आला होता. पलीकडच्या काठावरचा, नवाहो जमातीचा माणूस, मर्लबरोबर धक्क्यावर काम करून दोघांचे केस एकदमच पांढरे झाले होते. त्याला घराकडं बघून एका नजरेत कळलं. तो सज्ज्याजवळ बोट आणून म्हणाला, "मर्ल, आधी घर. आत्ता या घटकेला ओढलं तर निघेल. दुपारी नाही निघणार."

"आधी ठोकळा."

"ठोकळा कुठं पळून जातोय?"

"आधी ठोकळा, लीलंड."

"तो मी ओढणार नाही," लीलंड म्हणाला. "पहिल्या वेळी सांगितलं होतं. आमच्यात गेलेल्या माणसाला पुन्हा उठवत नाहीत. आणि तू तर त्याला हाकलत नेतोयस."

"तुला हात लाव म्हणतोय कोण? तू बोटीवर बस."

मर्ल किनाऱ्यावर गेला आणि ट्रॅक्टर घेऊन गाळावर उतरला. नेल्डा सज्ज्यात आली. वरून गाळ वाळून भाजलेल्या पापडासारखा झाला होता, भेगांच्या कडा वर वळलेल्या. लीलंड ओरडला, "आत मऊ आहे! थांब!" मर्लनं हात उडवला. "इथं खाली खडीचा पट्टा आहे! मी इथं अर्धं आयुष्य मासे धरलेत, मला शिकवतोस?"

खडी होती. मर्लच्या डोक्यातला तळ अगदी बरोबर होता, फक्त तो जुना होता. त्याच्यावर सगळ्या वर्षांचा गाळ येऊन बसला होता. ठोकळ्याच्या थोडं अलीकडे ट्रॅक्टरचं पुढचं चाक पापड फोडून आत गेलं, मग मागचं. मर्लनं जोर दिला तसा ट्रॅक्टर आणखी खाली बसला. यंत्राचा आवाज घुसमटला आणि बंद पडला. मर्ल उतरला, गुडघ्यापर्यंत रुतला, आणि हातपाय मारत ठोकळ्याकडे जायला लागला.

"परत ये!" नेल्डा ओरडली. "मर्ल, ये परत! घर बघ!"

घरानं तेव्हाच खालून एक आवाज काढला, जुन्या खाटेवर जाड माणूस बसावा तसा. स्वयंपाकघरात काहीतरी फुटलं. आर्डिसनी आतून हाक मारली, "निळी बरणी गेली. मला कधी आवडली नव्हती."

"लीलंड!" मर्लचा आवाज आला. "दोर दे! बोटीवरनं ओढ!"

लीलंडनं नेल्डाकडे बघितलं. ती नाही म्हणाली असती तर त्यानं ऐकलं असतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. पण मर्ल तिथं गाळात कमरेपर्यंत उभा होता, पंख्याला धरून, आणि त्याचा चेहरा तिला पोराच्या प्रेतासमोर होता तसा दिसला.

लीलंडनं हलका दोर फेकला. मर्लनं त्याच्या मागून पोलादी दोर ओढून घेतला आणि कडीत अडकवला. बोटीवरचं दोर गुंडाळायचं यंत्र लीलंडनं चालू केलं नाही. तो यंत्रापासून उठला आणि बोटीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पाठ करून बसला. म्हणून नेल्डाच सज्ज्यातून बोटीत उतरली. कळ कुठली ते तिला माहीत होतं, तिनं हे काम हजारदा बघितलं होतं. ज्याला सकाळी हात लावायचा नाही म्हणाली त्याला तिनंच ओढायला घेतलं, कारण तो निघाल्याशिवाय मर्ल तिथून निघाला नसता आणि ऊन चढत होतं.

दोर ताणला, गुणगुणला. बोट मागच्या बाजूला झुकली. ठोकळा जरासा हलला. तो गाळाला इतका चिकटला होता की खालून ओल्या जखमेवरची पट्टी सुटावी तसा आवाज झाला. मग निराळाच आवाज आला, कोरडा. नेल्डानं कळ सोडली. कडी सिमेंटचा एक मोठा तुकडा घेऊन उडाली आणि गाळात जाऊन रुतली. ठोकळा कडीपासून कोपऱ्यापर्यंत उकलला होता.

मर्ल वाकला आणि दोन्ही हातांनी सिमेंटचे तुकडे बाजूला सारायला लागला.

घराच्या मागं जुन्या धक्क्याच्या फळ्या रचून ठेवल्या होत्या. नेल्डानं त्या एकेक करून गाळावर टाकल्या, एकीवरून दुसरीवर गेली, मागची उचलून पुढं टाकली. लीलंड मागून फळ्या देत राहिला, पण ठोकळ्याच्या अलीकडं थांबला. ती पोचली तेव्हा मर्लची बोटं रक्ताळली होती. डब्याचा एक कोपरा दिसत होता, हिरवा रंग अजून शाबूत.

"मी नवा ओततो," मर्ल म्हणाला. त्यानं तिच्याकडे बघितलं नाही. "आत्ताच ओततो. शेडमध्ये सिमेंट आहे. सकाळपर्यंत धरेल. मग धरणाच्या भिंतीकडं नेऊ, तिथं खोल आहे. तिथं कधीच आटणार नाही."

"हेच म्हणाला होतास. प्रत्येक वेळी."

"तिथं खरंच खोल आहे, नेल."

"घर टेकलं, मर्ल."

त्यानं मान वळवली. घर आता झुकलेलं नव्हतं. सगळी पिंपं गाळावर बसल्यामुळे ते थोडं सरळ झालं होतं, आणि त्यामुळे आणखीनच मेलेलं दिसत होतं. सज्ज्याच्या कडेखाली पाण्याची एक पातळ रेघ राहिली होती. लीलंडनं लांबूनच मान हलवली.

मर्लनं बघितलं आणि पुन्हा सिमेंट उकरायला लागला. "आधी तो," म्हणाला. "मग घर."

नेल्डानं डबा मोकळा केला. तो तिला आठवत होता त्यापेक्षा हलका होता. मधल्या काळात तिनं जे जे उचललं, बर्फाच्या पिशव्या, सासूबाई, पेट्रोलचे डबे, त्यामुळे तसं वाटत असेल. झाकणाची खिटी गंजून बसली होती. तिनं ती उघडायचा प्रयत्न केला नाही. डबा छातीशी धरून, उरलेल्या फळ्या एकेक पुढं टाकत ती किनाऱ्याकडे निघाली, कारण घराकडच्या फळ्या तोवर बुडाल्या होत्या.

किनाऱ्यावर एक कुटुंब उभं होतं. बाप, आई, दोन मुली, सगळ्यांच्या नाकावर पांढरं मलम, आणि उभं राहून वल्हवायच्या लांब फळ्या डोक्यावर घेतलेल्या. घाम पुसत बाप म्हणाला, "माफ करा हं मॅडम, तुम्ही इथल्याच का? पाणी नक्की कुठून सुरू होतं?"

"डाव्या हातानं चालत जा," नेल्डा म्हणाली. तिच्या तोंडून दुकानातला आवाज निघाला, तोच, गोड. "लाल खडक आला की उजवीकडे उतरा. पांढऱ्या निशाणांच्या आत पाय टाकू नका, रुताल. पिण्याचं पाणी आहे ना भरपूर? मुलींना टोप्या घाला."

"आम्ही मागं आलो होतो तेव्हा इथंच होतं," बाई म्हणाली. "इथंच आम्ही बोट लावली होती. मला आठवतंय, एक गोड पोरगा होता, त्यानं आम्हाला दोर बांधायला शिकवलं. कधी येईल हो परत पाणी?"

"टोप्या घाला," नेल्डा पुन्हा म्हणाली.

ती माणसं गेली. धाकट्या मुलीनं वळून डब्याकडं बघितलं. नेल्डा किनाऱ्यावरच्या एका खडकाच्या सावलीत बसली आणि तिला रडू येईल असं वाटलं, पण आली ती नुसती तहान.

ट्रीना दुपारी आली, गावातून, दर रविवारी येते तशी. मोटेलात खोल्या आवरायचं काम करते, चाकांच्या घरात राहते, आजीसाठी एक खोली रिकामी ठेवली आहे असं गेली दोन वर्षं सांगते. किराणा तसाच गाडीत टाकून ती गाळापाशी आली, ट्रॅक्टर बघितला, घर बघितलं, आईच्या मांडीवर काय आहे ते बघितलं. "अगं आई," एवढंच म्हणाली. मग लीलंडनं बोटीतून दोघींना वळसा घालून घराकडे नेलं. सज्ज्यापाशी बोट गाळाला लागली, तिथून त्या फळीवरून चढल्या.

मर्ल आत होता. त्यानं शेडमधून सिमेंटची पोती खांद्यावरून आणून स्वयंपाकघरात रचली होती, आणि लाकडी साचा टेबलाशेजारी उलटा करून त्याच्या फटी पुसत होता. गाळ त्याच्या अंगावर वाळला होता. बोलताना तो तडकत होता. "वाळू चाळून घ्यावी लागेल," तो म्हणाला. "मागच्या वेळी वाळू खारट होती, म्हणून उकललं. लीलंड, दोन बादल्या गोडं पाणी."

लीलंड दारातच उभा राहिला.

"बाबा," ट्रीना म्हणाली, "घर बसलंय."

"बसू दे. तळं आहे ते, चढतं-उतरतं. तू तळ्यावर जन्मलीस आणि तुला सांगायला लागतं?"

"हाच आपला वेडा," आर्डिस कुणाकडेच न बघता म्हणाल्या. त्यांच्या वॉकरची दोरी आता कुणी सोडली तरी चाललं असतं. घर हलत नव्हतं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कपातली कॉफी अजिबात थरथरत नव्हती, आणि म्हातारी तिच्याकडे भूत बघावं तशी बघत होती.

नेल्डानं डबा टेबलावर ठेवला. तो जिथं ठेवला तिथंच राहिला. तिनं हात धुतले. नळ खोकला, तपकिरी पाणी आलं, मग थांबलं. तळ्यातून पाणी उपसायचा पंपही आता हवा ओढत होता. तिनं ओले हात विजारीला पुसले.

"नेल, साच्याला त्या बाजूनं धर जरा," मर्ल म्हणाला.

तिनं धरला नाही. "पोती बाहेर ने," ती म्हणाली. "आता कुणी सिमेंट भिजवायचं नाही."

"उन्हात धरत नाही, आत्ताच..."

"उद्या सकाळी डॅरिनला मी गावात नेतेय. रस्त्याकडच्या दफनभूमीत. मातीत पुरणार, आणि तिथून त्याला पुन्हा कुणी हलवायचं नाही."

मर्लचा हात साच्यावरच राहिला. "रस्त्याकडेला? तूच म्हणाली होतीस, एक चाक..."

"म्हणाले होते. आता इथं पण चाकं आहेत." ती ट्रीनाकडं वळली. "आईंचे कपडे भर, औषधं फडताळात आहेत, डावीकडे. त्या आणि मी तुझ्याकडे राहायला येतोय. मी परत येणार नाही. मर्ल, तुला यायचं तर पुढच्या सीटवर जागा आहे. नसेल यायचं तर घर इथंच आहे, ते कुठं जात नाही."